गुडघ्यातलं वंगण संपतं म्हणजे आत नेमकं काय होतं?

जिन्यावरची:

गेल्या काही महिन्यांपासून जिना चढताना माझे गुडघे वाजतात. दुखत अजिबात नाहीत, सूज नाही, कधी मुरगळल्याचंही आठवत नाही. फक्त आवाज. वाटीवर तळहात ठेवून गुडघा वाकवला की आतली बारीक खरखर चक्क हाताला लागते. सपाट चालताना काही नाही, जिना आला की सुरू. शिवाय बराच वेळ खुर्चीत बसून उठले की पहिली चार पावलं आखडल्यागत पडतात, मग सगळं सुरळीत.

ज्याला सांगावं त्याचं उत्तर एकच: "वंगण संपलं." सासूबाई म्हणतात, जाऊ म्हणते, ऑफिसातला पंचविशीतला पोरगाही तेच म्हणतो. वर सल्ला असा की जिने टाळ, गुडघे जपून वापर, जेवढे कमी वापरशील तेवढे पुढे पुरतील. मला हे पटत नाही, पण का पटत नाही तेही सांगता येत नाही.

तर प्रश्न असे. हे वंगण असतं तरी किती, येतं कुठून? कूर्चा झिजते म्हणतात, मग त्वचा भरून येते, मोडलेलं हाड जुळून येतं, तशी ती का भरून येत नाही? आणि आत खरखर होतेय तर दुखत कसं नाही?

औषध विचारत नाहीये, डॉक्टरांना दाखवणार आहेच. आत काय चालतं ते कुणी नीट सांगेल का?

ता. क. लेक दिवसभर बोटं मोडत असतो आणि "सांधे झिजतील" म्हणून बोलणी खातो. त्यात काही तथ्य आहे का?

बेअरिंगवाला:

मी डॉक्टर नाही, कारखान्यात मेन्टेनन्स बघतो, त्यामुळे बोलणार ते यंत्राच्या बाजूने. बेअरिंग वाजायला लागलं तर ग्रीस गेलंय, कचरा शिरलाय, नाहीतर आतला पृष्ठभाग खराब झालाय. सांध्याचंही असंच काहीतरी असावं.

पण एक गोष्ट माझ्या डोक्यात कधीच बसलेली नाही. तेलाचं बेअरिंग चालतं ते वेगावर. शाफ्ट फिरायला लागला की तेल ओढलं जातं, थर तयार होतो आणि धातू धातूपासून सुटतो. सुरू होताना आणि थांबताना थर नसतो, खरी झीज होते ती तेव्हाच. आता गुडघा बघा. वेग जवळजवळ नाहीच, दर पावलाला थांबतो, उलटा फिरतो, वरून अख्ख्या माणसाचं वजन. या हिशेबाने तो दोन-चार वर्षांत भंगारात जायला हवा. सत्तर-ऐंशी वर्षं चालतो कसा? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

बाकी "कमी वापरा" हा सल्ला यंत्रापुरता तरी बरोबर आहे.

तिरपागडे:

वाचतोय. गुडघ्याची बिजागरी आणि खुब्याची उखळ एवढंच शाळेतलं शिल्लक आहे.

फॉर्मलिन:

बेअरिंगवाल्यांनी मुद्द्याचंच विचारलंय, तिथूनच सुरुवात करते. माझी सगळी नोकरी शरीररचनाशास्त्र विभागात गेली, शवविच्छेदनाच्या टेबलाशी उभं राहून मुलांना सांधे उघडून दाखवण्यात. दुखण्यावर उपाय मला विचारू नका, ते माझं काम कधीच नव्हतं. आत काय असतं ते सांगते.

गुडघा उघडताना आम्ही वाटीच्या वर, मांडीच्या स्नायूच्या टेंडनवर, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोरीवर, आडवा छेद घेतो, दोन्ही बाजू मोकळ्या करतो आणि वाटी खाली उलटी पाडतो. पहिल्यांदा बघणारी मुलं हमखास तेल शोधायला लागतात. तेल कुठलं! निरोगी गुडघ्यात मोकळा द्रव असतो तो चार मिलिलिटरच्या आत, लहान चमचाही भरायचा नाही. जिवंत सांध्यातून सुईने काढलेला ताजा द्रव फिकट पिवळा आणि नितळ असतो, आणि दोन बोटांत धरून बोटं लांब केली की त्याची तार निघते. ती तार हायलुरॉनिक आम्लाची. सांध्याच्या पिशवीला आतून एक पातळ ओलसर अस्तर असतं. त्यातल्या पेशी हे आम्ल सोडतात, ल्युब्रिसिन नावाचं एक प्रथिनही सोडतात. बाकी पाणी आणि क्षार अस्तरातल्या रक्तवाहिन्यांतून झिरपतात. येणं आणि शोषलं जाणं दोन्ही अखंड चालू असतं. जन्मताना भरून दिलं आणि म्हातारपणापर्यंत पुरवून वापरलं, असा हा मामलाच नाही.

उलट ऑस्टिओआर्थरायटिस, म्हणजे झिजेचा संधिवात, झालेल्या गुडघ्यात द्रव बऱ्याचदा वाढतो. "गुडघ्यात पाणी झालं" म्हणतात ते हेच. फक्त हा द्रव पातळ असतो, त्यात हायलुरॉनिक आम्ल कमी आणि त्याच्या साखळ्या तुटून आखूड झालेल्या. बिघडलं म्हणा, मी मान डोलवीन. संपलं म्हणू नका.

आता तो न टिकणारा थर. सांध्यात भार उचलणारं पाणी पोकळीत नसतंच मुळी, ते कूर्चेच्या आत असतं. हाडांच्या टोकांवर कूर्चेचा थर असतो, मोठ्या सांध्यांत साधारण २ ते ४ मिलिमीटरचा. वाटीच्या मागच्या बाजूची कूर्चा अख्ख्या शरीरात सर्वांत जाड. तरुण माणसाची ताजी कूर्चा पांढरी असते, किंचित निळसर झाक, आणि बोट ठेवावं तर बोट ठरत नाही. तिच्या वजनाचा ६५ ते ८० टक्के भाग पाणी. पण पिळलं आणि निघालं असं ते पाणी नाही. कोलाजेनच्या धाग्यांचं घट्ट जाळं, त्यात अडकून पडलेले अ‍ॅग्रिकनचे भलेमोठे रेणू. या रेणूंवर ऋण विद्युतभार असतो, ते एकमेकांना ढकलतात, पाणी ओढून घेतात आणि फुगू बघतात. जाळं त्यांना फुगू देत नाही. म्हणजे काहीही वजन नसतानाही कूर्चा आतून तणावातच असते.

पाय टेकला की हे पाणी बाहेर पडायला बघतं, पण वाटा इतक्या अरुंद की त्याला निघायला वेळ लागतो. अडकलेल्या पाण्यावर दाब चढतो आणि सुरुवातीला ९० टक्क्यांहून जास्त भार तेच पेलतं. घन भाग घनाला जेमतेम टेकलेला असतो, आणि जिथे टेकतो तिथे पृष्ठभागावर ल्युब्रिसिनचा लेप असतो. वेग असो नसो, काही फरक पडत नाही. या दिशेचा विचार मॅककचन यांनी १९५९ मध्ये मांडला, पुढे मोजमापांनी तो पक्का होत गेला.

दाब किती असावा? १९८६ मध्ये एक मोजमाप प्रसिद्ध झालं. खुब्याच्या शस्त्रक्रियेत एका रुग्णाला मांडीच्या हाडाचा कृत्रिम गोळा बसवला होता आणि त्यात दाबमापकं होती. खुर्चीतून उठताना कूर्चेवरचा दाब १८ मेगापास्कलपर्यंत गेला. वातावरणाच्या दाबाच्या जवळपास १८० पट, तेही धावताना नव्हे, नुसतं खुर्चीतून उठताना!

एक ठिकाणी मात्र हे गणित फिरतं. न हलता एकाच स्थितीत भार तसाच ठेवला तर पाणी हळूहळू निघून जातं, भार जाळ्यावर येतो आणि घर्षण चढत जातं. भार उठला की पाणी परत आत. कूर्चेचं खाणंपिणंही याच द्रवावर, कारण तिला रक्तवाहिनी नाही, एकसुद्धा नाही. हालचालीने द्रव ढवळला जातो, तिच्यापर्यंत पोचतो. कण्याला इजा होऊन ज्यांचे पाय लुळे पडतात त्यांच्या गुडघ्यांत झीज व्हायला काही कारणच उरत नाही, तरी वर्ष-दोन वर्षांत कूर्चा मोजता येईल इतकी पातळ होते. कमी वापरून गुडघे टिकत असते तर त्यांचे सर्वांत जास्त टिकले असते.

बेअरिंगवाला:

आमच्याकडे हायड्रोस्टॅटिक बेअरिंग असतं, त्यात तेलाला दाब द्यायला बाहेरून पंप लागतो. म्हणजे इथे वरचं वजन हाच पंप, आणि जितकं वजन जास्त तितका दाब जास्त, आपोआप! भारी आहे हे. पण मग झिजतं कशाने? पाणीच सगळं पेलतंय तर जाळ्याने तुटायचं कारण काय?

फॉर्मलिन:

जाळं तुटायची कारणं पुष्कळ: जोराचा मार, फाटलेला मेनिस्कस, तुटलेलं लिगामेंट (हाडाला हाड बांधणारा पट्टा), पायाचा बाक, अंगावरचं जादा वजन, घराण्यातून आलेला कल. मेनिस्कस म्हणजे मांडीचं हाड आणि नडगी यांच्यामधल्या अर्धचंद्राच्या आकाराच्या दोन गाद्या. त्या गेल्या की तोच भार लहान जागेवर एकवटतो. आणि जाळं सैल झालं की पाणी लवकर निसटतं. मग जे पाण्याने पेलायचं ते धाग्यांवर येतं, धागे आणखी तुटतात. पुढे काय होतं ते तुम्हीच यंत्रांत रोज बघत असाल.

जिन्यावरच्या ताईंचा प्रश्न, भरून का येत नाही. विल्यम हंटर या शरीररचनाशास्त्रज्ञाने १७४३ मध्येच लिहून ठेवलंय की कूर्चा एकदा नष्ट झाली की परत येत नाही. का, ते कळायला फार काळ गेला. जखम भरते ती रक्त येतं म्हणून. इथे रक्तच पोचत नाही, पेशी थोड्या, दूर-दूर विखुरलेल्या आणि जाळ्यात आपापल्या जागी बंद.

याचा सर्वांत सुंदर पुरावा मिळाला अणुबॉम्बमुळे. १९५० आणि ६० च्या दशकांतल्या अणुचाचण्यांनी हवेतला किरणोत्सारी कार्बन एकदम वाढवला, मग चाचण्या थांबल्यावर तो वर्षागणिक उतरत गेला. शरीरात एखादी गोष्ट कोणत्या काळात बनली ते त्यातल्या कार्बनवरून सांगता येतं. डेन्मार्कच्या संशोधकांनी निरनिराळ्या साली जन्मलेल्या लोकांच्या गुडघ्यांतली कूर्चा तपासली आणि २०१६ मध्ये निष्कर्ष छापले. कोलाजेन वाढत्या वयातलंच होतं. मोठेपणी त्यात जवळपास काही नवं पडलं नव्हतं, निरोगी गुडघ्यात नाही आणि आर्थरायटिस झालेल्या गुडघ्यातही नाही. अ‍ॅग्रिकन बदलत राहतं, पाणी तर येतंच-जातंच, पण जाळं आपण शाळा-कॉलेजात असताना विणलेलं. तुम्ही आज जिना चढताय ते त्याच्यावर.

आता खरखर असून दुखत कसं नाही. कूर्चेला रक्तवाहिनी नाही तशी नसही नाही. स्कॉट डाय नावाच्या अमेरिकन अस्थिशल्यचिकित्सकाने हे स्वतःवर करून पाहिलं, १९९८ मध्ये छापलंही. कातडीला, जिथून दुर्बीण आत घालायची तिथे, बधिर केलं. सांध्याच्या आत मुद्दाम काही दिलं नाही. सहकारी आत एकेका जागी सळई टेकवतोय आणि हे टेबलावर पडून सांगतायत, इथे किती दुखलं, नेमकं कुठे दुखलं. वाटीमागच्या कूर्चेवर दाबून टेकवलं, काहीही जाणवलं नाही, आणि तिथली कूर्चा खराब झालेली होती बरं का. पण वाटीच्या खालचा चरबीचा गोळा, पुढचं अस्तर, पिशवी यांना सळई लागली की जीव कळवळला. गुडघा दुखतो तेव्हा दुखत असतं ते अस्तर, पिशवी, ती चरबी, नाहीतर कूर्चेखालचं हाड.

म्हणून एक्स-रे बघून कुणाला किती दुखत असेल ते सांगता येत नाही. एक्स-रेमध्ये कूर्चा दिसतही नाही. "गॅप कमी झाला" म्हणतात तो गॅप म्हणजेच न दिसणारी कूर्चा.

घोटाभर:

फॉर्मलिन मॅडम, मजा आली. मी फिजिओथेरपिस्ट आहे, दोन-तीन गोष्टींची भर घालतो.

आधी बोटं. दोन ओल्या काचा एकमेकींवर ठेवून सरळ वर ओढल्या तर सुटत नाहीत, जोर लावला की एकदम सुटतात. बोट ओढताना सांध्यात असंच होतं. पृष्ठभाग झटक्यात दुरावतात, मधला दाब घसरतो, द्रवात विरघळलेला वायू बाहेर येऊन पोकळी तयार होते. तोच वायू पुन्हा विरघळायला साधारण वीस मिनिटं लागतात, म्हणून तेच बोट लगेच दुसऱ्यांदा वाजत नाही. आवाज पोकळी तयार होताना येतो की ती दबताना, यावर अजून जुंपलेली आहे. २०१५ मध्ये एमआरआयमध्ये बोट ओढून चित्रण केलं तेव्हा आवाजाच्या वेळी पोकळी तयार होताना दिसली आणि नंतरही ती तशीच राहिली. २०१८ मध्ये दुसऱ्यांनी गणित मांडून दाखवलं की बुडबुडा अर्धवट दबला तरी तसाच आवाज येतो.

झिजण्याबद्दल: डोनाल्ड उंगर या अमेरिकन डॉक्टरांनी साठ वर्षं फक्त डाव्या हाताची बोटं मोडली, उजव्या हाताची तुलनेसाठी सोडली. दोन्ही हातांत आर्थरायटिस नाही. २००९ मध्ये त्यांना इग नोबेल, म्हणजे गमतीशीर संशोधनाला मिळणारं बक्षीस, मिळालं. एका माणसावरचा प्रयोग आहे, फार ताणू नये. पण चिरंजीवांना एवढा ओरडा बसायचं कारण मला दिसत नाही, कानाला त्रास होतो हे कारण सोडून.

धावण्याबद्दलही इथे कुणीतरी विचारेलच. २०१७ च्या एका आढाव्यात हौसेखातर धावणाऱ्यांत खुब्याचा किंवा गुडघ्याचा आर्थरायटिस ३.५ टक्के, न धावणाऱ्या बैठ्या लोकांत १०.२ टक्के, आणि स्पर्धांत धावणाऱ्यांत १३.३ टक्के आढळला. ज्यांचे गुडघे आधीच कुरकुरतात ते धावणं सोडतात, त्यामुळे आकड्यांत थोडी भेसळ असणारच. तरी "वापरलं की झिजतं" एवढं सरळ गणित असतं तर पहिले दोन आकडे उलटे आले असते.

आणि ताई, आखडण्याचं. बसून उठल्यावर चार-दहा पावलांत सुटतं ते वेगळं. सकाळी उठल्यावर तासभर सांधे सुटत नसतील, सोबत सूज किंवा ऊब असेल तर तो सुजेचा संधिवात असू शकतो, तेव्हा डॉक्टरांना नक्की सांगा. ऑस्टिओआर्थरायटिसमधलं आखडणं सहसा अर्ध्या तासाच्या आत सुटतं.

तिरपागडे:

ठीक आहे, बोटं मोडायला परवानगी मिळाली. माझ्या बिजागरीचं आणि उखळीचं काय?

फॉर्मलिन:

बिजागरी पुस्तकात राहू द्या, परीक्षेपुरती. गुडघ्यात एक ठरलेला कणा नसतोच, ज्याच्याभोवती तो फिरेल. मांडीच्या हाडाची खालची टोकं गोलाकार, नडगीचा माथा जवळपास सपाट. गुडघा वाकताना ती टोकं मागे घरंगळतात. पण त्यांच्या वळणाची लांबी नडगीवरच्या जागेच्या जवळपास दुप्पट आहे. नुसती घरंगळली असती तर पुरतं वाकायच्या आत मागून खाली पडली असती. म्हणून घरंगळता घरंगळता ती पुढे सरकतातही, आणि हे सरकणं आवरून धरतात आतली दोन आडवी-तिडवी लिगामेंट.

करून बघण्यासारखी गोष्ट सांगते. खुर्चीत बसा, पाय लोंबते ठेवा. वाटीच्या थोडं खाली नडगीचा एक उंचवटा हाताला लागतो, त्यावर पेनाने टिंब काढा. वाटीच्या मधोमध दुसरं. आता पाय सावकाश सरळ करा आणि शेवटच्या थोड्या टप्प्यात खालच्या टिंबाकडे बघा, ते बाहेरच्या बाजूला सरकतं. म्हणजे नडगी पिळली जाते आणि गुडघा आवळून बसतो. त्यामुळे आपण सरळ उभे असतो तेव्हा मांडीच्या स्नायूला फारसं काम नसतं. परत वाकवायचा तर आधी ही पीळ सोडवावी लागते, आणि त्यासाठी गुडघ्याच्या मागे पॉप्लिटिअस नावाचा एक छोटा तिरका स्नायू आहे. विद्यार्थी तो हमखास विसरतात. मी हमखास विचारायची.

उखळ मात्र खरी उखळ आहे. खुब्याची खोल, खांद्याची इतकी उथळ की दंडाच्या गोळ्याचा जेमतेम तिसरा हिस्सा तिच्यात मावतो. म्हणून खांदा सगळीकडे फिरतो आणि निखळतोही तोच जास्त. खुब्याचं एक जुनं प्रात्यक्षिक सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. जर्मनीतल्या वेबर बंधूंनी १८३६ मध्ये प्रेताचा पाय टेबलाच्या कडेवरून लोंबता ठेवला आणि खुब्याभोवतीचे सगळे स्नायू कापले, मग पिशवीही गोल कापली. धरून ठेवायला काही उरलं नाही, तरी पाय खाली आला नाही. मग कमरेच्या हाडाच्या आतल्या बाजूने उखळीला भोक पाडलं. हवा आत शिरली आणि गोळा सुटून खाली आला. परत आत बसवून भोक बोटाने बंद केलं, तर पुन्हा लटकून राहिला. अख्खा पाय, म्हणजे माणसाच्या वजनाचा साधारण सहावा हिस्सा, नुसत्या हवेच्या दाबावर.

जिन्यावरची:

टिंबं काढून बघितली. दोन्ही पायांचं सरकतं, लेकाचंही सरकलं, आता तो सगळ्यांच्या गुडघ्यांवर पेन घेऊन फिरतोय.

दोन शंका राहिल्या. आवाज चढतानाच का येतो? आणि सासूबाईंना कुणीतरी गुडघ्यात वंगणाचं इंजेक्शन सुचवलंय. त्यांचा गुडघा खरंच दुखतो, सूजही असते. हे सगळं वाचल्यावर मला कळेना की त्या इंजेक्शनने नेमकं काय होत असेल.

फॉर्मलिन:

चढताना गुडघा वाकलेला असतो आणि त्याच स्थितीत मांडीचा स्नायू जोर लावतो. वर स्नायू ओढतोय, खाली नडगीला बांधलेलं टेंडन ओढतंय, या दोघांच्या मध्ये वाटी मांडीच्या हाडाच्या खोबणीत दाबली जाते. जितका गुडघा वाकलेला तितका दाब जास्त. उभ्याने, पाय सरळ असताना ती जवळपास मोकळी असते. पाय सैल सोडून वाटी बोटांनी डावी-उजवीकडे हलवून बघा, सहज हलते, स्नायू आवळला की जागची हलत नाही. तुमची खरखर वाटीमागची असावी, आणि अशी खरखर न दुखणाऱ्या पुष्कळ गुडघ्यांत असते. बाकी डॉक्टर हात लावून सांगतील.

इंजेक्शनमध्ये असतं ते हायलुरॉनिक आम्लच. पण अस्तर जसं आतलं जुनं आम्ल शोषून घेतं तसं हेही घेतं, टोचलेलं काही दिवसांतच सांध्यातून निघून जातं. ब्रिटनमध्ये उपचारांचे दंडक ठरवणारी नाइस ही संस्था आहे. तिच्या २०२२ च्या सूचनांत ऑस्टिओआर्थरायटिससाठी हे इंजेक्शन देऊ नये असं स्पष्ट म्हटलंय. काहींना बरं वाटतं, हे मी ऐकलंय. ते टोचण्याने वाटतं की आम्लाने, हे वेगळं काढणं अवघड.

सासूबाईंचं मी सांगू नये. घोटाभर, तुम्ही सांगा.

घोटाभर:

ताई, सूज आहे म्हणालात, तिथेच थांबलो. गुडघ्यात २०-३० मिलिलिटर जादा पाणी साठलं तरी वाटीच्या आतल्या बाजूच्या मांडीच्या स्नायूला मज्जारज्जूकडून येणारा हुकूम कमी होतो. दुखत नसलं तरीही. माणूस जोर लावतो, स्नायू पुरता आवळतच नाही, मग तो बारीक होत जातो आणि गुडघ्यावरचा भार सावरायला कुणी उरत नाही. दोन्ही मांड्यांचा घेर वाटीपासून सारख्या उंचीवर टेपने मोजून बघा, फरक असेल तर लिहून न्या.

डॉक्टरांना विचारा, पाणी कशाने झालंय आणि ते काढून तपासायची गरज आहे का. इंजेक्शनचं त्यानंतर ठरवता येईल. आणि खुबा तपासून घ्या. खुब्याच्या आणि गुडघ्याच्या सांध्याला एका समाईक नसेचे फाटे जातात, त्यामुळे दुखणं खुब्यात असून माणूस हात गुडघ्यावर ठेवतो. त्यांना उताणं झोपवून, गुडघा वाकवून मांडी हळूच आत-बाहेर फिरवली आणि त्यात गुडघा दुखला, तर ते मुद्दाम सांगा.